संत्र्याच्या बागेत ‘रस्ट’: दीड वर्ष वापरल्यानंतरचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू मोबाइलचा नाही, मिक्सरचा नाही, एका प्रोग्रामिंग लँग्वेजचा आहे, आणि ती फुकट मिळते त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच येत नाही. पेट्रोल मात्र फुकट नाही. नागपुरातून काटोलच्या पुढे मामाच्या संत्र्याच्या बागेत जाऊन यायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर पडतं, आणि तिथे लावलेल्या सेन्सरच्या टिचभर डबीतल्या कोडच्या एका ओळीच्या चुकीपायी मी काटोल नाका किती वेळा ओलांडला याचा हिशोब बायकोकडे आहे, माझ्याकडे नाही. तर या रिव्ह्यूचं माप एकच, रस्ट वापरायला लागल्यापासून काटोलच्या फेऱ्या कमी झाल्या का? झाल्या. बंद झाल्या का? अजिबात नाही, आणि काऊन नाही झाल्या तेही सांगतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. मामाकडे भारी काळी जमीन, सगळी झाडं ठिबकवर, एक विहीर. आंबिया बहार घेणाऱ्यांना माहितीच आहे, डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो, मग पहिलं पाणी हलकं, मग हळूहळू वाढवत न्यायचं, तेव्हा कुठे नीट फुलं फुटतात. भारी जमीन ओल धरून ठेवते त्यामुळे ताण बसायला वेळ लागतो, आणि वरची माती कोरडीठाक दिसली तरी फूटभर खाली काय चाललंय ते डोळ्यानं कळत नाही. म्हणून बागेत अकरा डब्या. प्रत्येकीत एक मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर), ओलाव्याचे आणि तापमानाचे सेन्सर, एक १८६५० सेल (रिचार्ज होणारा लिथियमचा) आणि लोराचा, म्हणजे कमी बॅटरीत लांब पोचणारा, रेडिओ जो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर बोलतो, हा पट्टा आपल्याकडे वेगळा परवाना न काढता वापरता येतो. सगळ्या डब्या मोटरघरातल्या गेटवेशी बोलतात आणि गेटवे मामाच्या फोनवर मेसेज टाकतो. मोटर मामा स्वतः हातानंच चालू-बंद करतात, ते मी मशीनच्या हातात दिलं नाही आणि देणारही नाही.

पहिला सेटअप सी मध्ये होता, म्हणजे आर्डुइनोवाला, प्रो मिनी बोर्ड, आठ बिटची एटमेगा३२८ चिप, २ केबी रॅम. स्वस्त, सोपं, यूट्यूबवर सगळं मिळतं, एका रविवारी चालू झालं. आणि मग सुरू झालं.

पहिला किस्सा. डबीत चार रीडिंगचा, म्हणजे चार कप्प्यांची रांग असलेला, अ‍ॅरे होता आणि लूपमध्ये (फिरून फिरून चालणाऱ्या कोडमध्ये) मी ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ लिहून बसलो. म्हणजे पाचवं रीडिंगही लिहिलं जाऊन राहिलं होतं, जे अस्तित्वातच नव्हतं, आणि ते जाऊन पडत होतं शेजारच्या व्हेरिएबलवर (आकडा ठेवायचा मेमरीतला कप्पा). शेजारी कोण राहत होतं? झोपायची मिनिटं. पाचवा सेन्सर लावलेलाच नाही म्हणून त्याचं रीडिंग शून्य, त्यामुळे झोपही शून्य मिनिटं, आणि जी डबी पंधरा मिनिटं झोपून दोन सेकंद उठायला हवी ती अखंड जागी. काही महिने चालायची बॅटरी तिसऱ्या दिवशी खलास. कंपायलरनं, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, चकार शब्द काढला नाही. मी बॅटरीला शिव्या घातल्या, मग दुकानदाराला (त्यानं सेल डुप्लिकेट दिले असंच माझं ठाम मत झालं होतं, बिचारा), मग उन्हाला, आणि कोडकडे शेवटी वळलो.

दुसरा किस्सा जास्त भारी आहे. ठिबकच्या मेन लाइनवर पाण्याचं मीटर लावलंय, दर दहा लिटरला एक पल्स देतं. पल्स आली की इंटरप्ट लागतो (चिप हातातलं काम सोडून आधी तिकडे बघते) आणि आकडा एकनं वाढतो, इकडे मेन लूप तो आकडा सतत वाचत राहतो, पाचशेच्या वर गेला की मामाला मेसेज, पाच हजार लिटर झाले, बंद करा. ताण सोडायचा दिवस, पहिलं हलकं पाणी, मामांना मेसेज गेला, मामांनी इमानदारीत मोटर बंद केली. संध्याकाळी फोन. “काऊन बे, पाच हजार लिटर इतक्यात झालं? झाडाखाली तं अर्धंही भिजलं नाही.” लॉग पाहिला तर आकडा २५६. म्हणजे फक्त अडीच हजार लिटर. मग मेसेज कोणी पाठवला?

हे सापडायला मला सहा आठवडे लागले कारण ते महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं. आठ बिटची चिप सोळा बिटचा आकडा एका घासात वाचू शकत नाही, आधी खालचा बाइट (आठ बिट), मग वरचा. आकडा होता २५५, म्हणजे खालचा बाइट पूर्ण भरलेला, वरचा शून्य. चिपनं खालचा वाचला, २५५. नेमकं त्याच क्षणी पल्स आली, इंटरप्ट लागला, आकडा झाला २५६, म्हणजे खालचा शून्य आणि वरचा एक. मग चिपनं वरचा वाचला, एक. आता जुना खालचा आणि नवा वरचा जोडा, ५११. पाचशेच्या वर! मेसेज गेला, आणि पुढच्या वेळी वाचलं तेव्हा सगळं सुरळीत, चोर पळून गेलेला. आणि हो, व्हेरिएबलला व्होलाटाइल लावलेलं होतं. व्होलाटाइल लावलं की झालं असं मला दहा वर्षं वाटत होतं. त्यानं फक्त दर वेळी मेमरीतून वाचायची सक्ती होते, एका दमात वाचायची नाही.

तिसरा किस्सा थोडक्यात, गेटवे दर ४९ दिवसांनी मरायचा. मिलीसेकंदाचा ३२ बिटचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी भरून पुन्हा शून्यावर येतो आणि माझी तुलना चुकीच्या पद्धतीनं लिहिलेली होती. मामांनी यावर स्वतःचा उपाय काढला, ते दर अमावस्येला गेटवेचा प्लग काढून परत लावायचे. मला सांगितलंसुद्धा नाही. वर्षभर मला वाटत होतं माझा गेटवे एकदम पक्का आहे.

आता यात एक गोष्ट समजून घ्या, लॅपटॉपवर प्रोग्रामनं दुसऱ्याच्या मेमरीत हात घातला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला जागेवर मारते, तुम्हाला कळतं तरी. या चिल्लर चिपमध्ये तसला कोणी पोलीस नाही. चुकीच्या जागी लिहिलं तर लिहिलं, प्रोग्राम पुढे चालत राहतो, वेडा होऊन. आणि माझ्यासारखा हौशी माणूसच चुकतो असंही नाही, मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये स्वतः सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सिक्युरिटीच्या चुकांपैकी साधारण ७० टक्के या मेमरीच्या असतात. तिथे तर पगारी, हुशार माणसं बसलीयत.

सगळ्यात जास्त राग मला स्वतःचा कशाचा आला माहितीय? हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. फायनल इयरचा प्रोजेक्ट वायरलेस सेन्सर नेटवर्कवर होता, लॅबमध्ये चार टेलॉसबी मोट (सेन्सर आणि रेडिओवाले इवले कॉम्प्युटर) होते, १० केबी रॅम आणि ४८ केबी फ्लॅश, आणि ते सोन्याच्या बिस्किटासारखे कपाटात कुलूप लावून ठेवलेले असायचे. त्यावर टायनीओएस ही चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम चालायची, बर्कली युनिव्हर्सिटीवाल्यांची, आणि तिची भाषा नेससी, तिचा पेपर २००३ चा. नेससीमध्ये चालू प्रोग्राममध्ये मेमरी मागायची सोयच नव्हती, फंक्शन पॉइंटर (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता) नाहीत, आणि कंपायलर सगळा प्रोग्राम एकत्र बघायचा, कुठलं व्हेरिएबल इंटरप्टमधूनही बदलतं आणि बाहेरूनही वाचलं जातं ते शोधून वॉर्निंग द्यायचा की हे अटॉमिक ब्लॉकमध्ये (मधे इंटरप्ट घुसू शकत नाही अशा तुकड्यात) घाल. म्हणजे माझा ५११ वाला चोर २००३ च्या कंपायलरनं टेबलावरच पकडला असता! आणि तेव्हा आम्ही त्या वॉर्निंगला काय केलं? दुर्लक्ष. सर पण म्हणाले होते की वॉर्निंगच आहे, एरर नाही, चालू द्या.

त्याच्यापुढे जाऊन युटा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००७ मध्ये सेफ टायनीओएस आणलं. त्यात पॉइंटर कुठवर जाऊ शकतो याच्या खुणा कोडमध्ये लिहायच्या, टूल त्यावरून जागोजागी चेक घालणार, आणि चेक फेल झाला की मोट थांबून एलईडी लुकलुकवत एक नंबर सांगणार. पूर्ण एरर मेसेज त्या इवल्याशा मेमरीत मावणार कुठे, म्हणून मोटवर फक्त नंबर आणि मेसेज पीसीवर. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे पुन्हा येणारे.

तर रस्ट. २०१५ च्या मे महिन्यात १.० आलं. ग्रेडन होअर नावाच्या माणसानं २००६ मध्ये सुरू केलं, गोष्ट अशी सांगतात की व्हँकुव्हरला त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट सॉफ्टवेअर क्रॅश होऊन बंद पडली आणि त्याला एकविसाव्या मजल्यापर्यंत पायी चढावं लागलं. (आमच्या प्रतापनगरच्या बिल्डिंगची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद असते, कोणी भाषा काढली नाही, फक्त सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं.) नाव त्यानं लोखंडाच्या गंजावरून नाही तर रस्ट नावाच्या बुरशीवरून ठेवलंय, म्हणजे आपला तांबेरा. हे मी मामांना मोठ्या कौतुकानं सांगायला गेलो. “तांबेरा गव्हावर येते बे, लोकं तो घालवाले फवारणी करतात, अन् तू त्याले डबीत कायले घालून राह्यला?”

आठ बिटच्या चिपवर रस्ट चालतं पण त्याला नाइटली कंपायलर (रोज रात्री निघणारी कच्ची आवृत्ती) लागतो आणि दर थोड्या दिवसांनी काहीतरी मोडतं, म्हणून मी चिपच बदलली. एसटीएम३२डब्ल्यूएल घेतली, कॉर्टेक्स-एम४ हा बत्तीस बिटचा प्रोसेसर आणि लोराचा रेडिओ एकाच चिपमध्ये, २५६ केबी फ्लॅश, ६४ केबी रॅम. टेलॉसबीच्या काळात असं काही मिळालं असतं तर आम्ही नारळ फोडला असता. वरून अशा चिपसाठीच्या रस्ट कोडचं एम्बसी नावाचं तयार फ्रेमवर्क, आणि कोड चढवायला प्रोब-आरएस. प्रोग्रामर (चिपवर कोड चढवायची डबी) म्हणून बर्डीवरून एसटी-लिंकचा क्लोन आणला, पहिला डेड निघाला, दुकानदारानं कुरकुर करत बदलून दिला, दुसरा आजपर्यंत चालतोय.

पहिले तीन आठवडे विचारू नका. काहीच कंपाइल होत नव्हतं. बॉरो चेकर नावाचा प्राणी आहे, त्याचं तत्त्व सोपं आहे, एका वेळी एखादी गोष्ट एकच जण बदलू शकतो, आणि कोणी बदलत असेल तर तेव्हा दुसऱ्यानं ती वाचायची पण नाही. ऐकायला सोपं, पण सी मध्ये मुरलेल्या माणसाला प्रत्येक ओळीला वाटतं की अबे माझंच व्हेरिएबल, मीच वापरतोय, तुला काय त्रास आहे. रात्री अकरा वाजता तोच ई०३८२ एरर सातव्यांदा बघून मी लॅपटॉप बंद करून सरळ झोपलोय. पण त्या एररचा एक किस्सा ऐका. मी सेन्सरचा पॉवर ज्या पिनवर घेतला होता तीच पिन चुकून एलईडीलाही देऊन बसलो. सी मध्ये हे बिनबोभाट कंपाइल झालं असतं आणि एलईडी लागला की सेन्सरची बत्ती गुल, मग मी बागेत मल्टिमीटर घेऊन उकिडवा. रस्टमध्ये पिन ही एक वस्तू आहे, एकदा कोणाला दिली की दिली, दुसऱ्याला द्यायला गेलो तर कंपायलर म्हणतो ही आधीच दिलीय, अमुक ओळीवर, अमुक जणाला, आणि खाली बाण काढून दाखवतो. घरी बसून, पंख्याखाली, चहा पिता पिता चूक कळली. माझ्यासाठी अर्धे स्टार तिथेच वसूल.

इंटरप्ट आणि लूपमधलं शेअर केलेलं व्हेरिएबल, ते तर साध्या मार्गानं करूच देत नाही. एकतर अटॉमिक वापरा, नाहीतर क्रिटिकल सेक्शनच्या (इंटरप्ट बंद ठेवून चालणाऱ्या तुकड्याच्या) आत ठेवा, नाहीतर अनसेफ असा शब्द स्वतःच्या हातानं लिहा, म्हणजे उद्या काही झालं तर सही तुमची. इथे इमानदारीनं सांगतो, ५११ चा प्रॉब्लेम नुसत्या बत्तीस बिटच्या चिपनंही गेला असता, ती सोळा बिटचा आकडा एका दमात वाचते, त्यामुळे सगळं श्रेय रस्टला देणं बरोबर नाही. पण वाचून, वाढवून, परत लिहिणं यात मधे कोणी घुसू शकतं ते कुठल्याही चिपवर, आणि ते लक्षात ठेवायचं काम आता माझ्या डोक्यावर नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते असिंक, म्हणजे मधे मधे थांबणारी कामं सरळ लिहायची सोय. कॉन्टिकी या टायनीओएससारख्याच दुसऱ्या सिस्टिममध्ये यासाठी प्रोटोथ्रेड असायचे, एकेका थ्रेडला फक्त दोन बाइट लागायचे, भलतंच हुशार काम, पण एक मेख होती, थ्रेड थांबून पुन्हा सुरू झाला की लोकल व्हेरिएबलच्या किमती गायब. प्रत्येक जण एकदा तरी त्यात आपटायचाच. एम्बसीत दिसायला तसंच लिहायचं, सेन्सर वाच, थांब, रेडिओवर पाठव, थांब, सरळ वरून खाली, पण कंपायलर त्याचं स्टेट मशीन (कुठवर आलो ते लक्षात ठेवणारा सांगाडा) बनवतो आणि थांबण्याच्या पलीकडे जी व्हेरिएबल लागणार तेवढी बरोबर जपून ठेवतो. प्रत्येक कामाला वेगळे स्टॅक (तात्पुरत्या मेमरीचे ढीग) नाहीत, टास्कची जागा आधीच ठरलेली, आणि कोणालाच काम नसलं की चिप झोपते. वेळ ६४ बिटमध्ये मोजतात त्यामुळे ४९ दिवसांचा विषयच संपला. मामांची अमावस्येची पूजा मात्र चालूच आहे, म्हणतात राहू दे, काय बिघडते.

लॉगिंगला, म्हणजे चिप काय करतेय त्याची नोंद बघायला, डीफेमट नावाची लायब्ररी आहे. चिपवरून फक्त नंबर येतो, पूर्ण वाक्य लॅपटॉपवर जोडलं जातं. ओळखीचं वाटलं ना? सेफ टायनीओएसचा लुकलुकणारा एलईडी, तीच आयडिया. हे पाहिलं तेव्हा मला कॉलेजचं ते कुलूपबंद कपाट आठवलं.

आता एक स्टार काऊन कापला.

एक, सेफ या शब्दानं मी फसलो. रस्ट अ‍ॅरेच्या बाहेर लिहू देत नाही म्हणजे काय करतं? पॅनिक होतं, थांबतं. बरोबर आहे, वेडं होण्यापेक्षा थांबलेलं बरं. पण थांबल्यावर पुढे काय ते तुम्ही सांगायचं असतं, आणि मी उदाहरणातून उचललेलं पॅनिक-हॉल्ट तसंच ठेवलं होतं, म्हणजे चूक झाली की जागच्या जागी फिरत राहा, कायमचं. टेबलावर डीबगर लावलेला असतो तेव्हा ते ठीक आहे. बागेत पाच नंबरची डबी अशीच फिरत राहिली, बॅटरी संपली, आणि मी पुन्हा काटोल रोडवर. आता पॅनिक झालं की कारण रॅमच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवते, रीसेट होते, उठल्यावर पहिल्याच पॅकेटमध्ये ते कारण पाठवते, आणि वरून वॉचडॉग, चिप अडकली की तिला आपोआप रीसेट करणारा टायमर. हे पहिल्या दिवशी करा. शिकवणाऱ्यांनी पण पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे, कोणी सांगत नाही.

दोन, आणि हे मला खरंच पटलं नाही. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि मेसेज येऊन राहिला की सात नंबरच्या झाडाखाली भरपूर ओल आहे. मामा म्हणाले, “तिथं तं ढेकळं झाली बे.” झालं असं की कोरड्या मातीचा कॅलिब्रेशनचा आकडा वजा आत्ताचं रीडिंग असं गणित होतं, आणि मेच्या उन्हात माती मी घरी कुंडीत वाळवली त्यापेक्षाही जास्त वाळली, रीडिंग मोठं झालं, उत्तर यायला हवं उणे पंधरा. पण प्रकार सोळा बिटचा आणि उणे नसलेला, म्हणून उत्तर आलं ६५५२१. डीबग बिल्डमध्ये (टेबलावर तपासायला बनवतो ते) रस्ट इथे पॅनिक झालं असतं. रिलीज बिल्डमध्ये डिफॉल्ट सेटिंगला गुपचूप गुंडाळून पुढे जातं. मेमरीच्या बाबतीत इतकी कडक भाषा, आणि बेरीज-वजाबाकीत नेमक्या शेतात जाणाऱ्या बिल्डमध्ये ढील? स्पीडसाठी केलंय हे माहितीय, पण पंधरा मिनिटांतून एकदा उठणाऱ्या डबीला कुठला आलाय स्पीड. कार्गोच्या (रस्टचं बिल्ड करणारं टूल) फाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा, आणि वजाबाकीला सॅच्युरेटिंगवाली वापरा जी शून्याच्या खाली जात नाही.

बाकी किरकोळ. एम्बेडेड-हॅल, म्हणजे चिप आणि सेन्सरच्या ड्रायव्हरनं एकमेकांशी कसं बोलायचं त्याचा ठराव, त्याचं १.० जानेवारी २०२४ ला आलं, त्याआधीचे सेन्सरचे ड्रायव्हर जुन्या ०.२ वर, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही, माझ्या तापमानाच्या सेन्सरचा ड्रायव्हर मला स्वतः बदलावा लागला. एम्बसीचं व्हर्जन बदललं की दोन-चार ठिकाणी कोड मोडतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिलं बिल्ड म्हणजे खाली टपरीवर जाऊन तर्री पोहे खाऊन या, आणि टार्गेट फोल्डर गपागप जीबी खातं. चिपवाल्या कंपनीचं सगळं डॉक्युमेंटेशन सी मध्ये, ते वाचून डोक्यात भाषांतर करायचं. आणि नागपुरात अडलं तर विचारायचं कोणाला? सी चा माणूस प्रत्येक गल्लीत सापडेल, एम्बेडेड रस्टवाला मला तरी अजून भेटला नाही, मिहानमध्ये माझ्या ऑफिसात रस्ट करणारे दोघं आहेत पण ते सर्व्हरवाले, ६४ केबी म्हटलं की हसतात.

मग दुसरं काही का नाही? मायक्रोपायथन (छोट्या चिपसाठीचं पायथन) मी आधी करून पाहिलं, रास्पबेरी पाय पिको बोर्डवर, मेमरीच्या बाबतीत तेही सेफच आहे आणि पोराला शिकवायला उत्तम, पण व्हेरिएबलच्या नावात केलेली टायपिंगची चूक ती ओळ चालेल तेव्हाच कळते, आणि माझी ती ओळ फक्त पाऊस आला तरच चालणारी होती. म्हणजे चूक जानेवारीत केली आणि जूनमध्ये कळली. एडा पण पाहिली, जुनी, खानदानी, कडक भाषा, आकड्याची रेंजसुद्धा लिहून देता येते की ओलावा शून्य ते शंभरच असेल, जी सोय मला रस्टमध्ये हवी होती. पण या ओळीच्या रेडिओला तयार ड्रायव्हर मिळेना. आणि एडाच्या भक्तांनी चिडू नये, १९९६ ला एरियन ५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत फुटलं त्यातलं कोड एडामध्येच होतं, मोठा आकडा सोळा बिटमध्ये कोंबला आणि मावला नाही. माझे ६५५२१ त्यामानानं स्वस्तात सुटले.

भाषेच्या हातात नसलेल्या गोष्टी पण आहेत आणि आता माझ्या फेऱ्या बहुतेक त्यांच्यापायीच होतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सेन्सर आणि मातीत बोटभर फट पडते, आणि सेन्सर हवेचा ओलावा मोजत बसतो. आकडा कायदेशीर, प्रकार बरोबर, रेंजमध्ये, आणि शंभर टक्के खोटा. यावर कंपायलर काय करणार? मी आता सेन्सर गाडताना चाळलेल्या मातीचा चिखल करून त्यात दाबतो, जरा बरं पडतं. झाडं पानानं भरली की लोराची रेंज कमी होते, दोन डब्यांचे अँटेना बांबूवर चढवले. आणि मुंग्या. केबलच्या भोकातून शिरून एका डबीत मुंग्यांनी घर केलं होतं, अंड्यांसकट. डबी चालू होती, हे विशेष.

कोणी घ्यावी? एक-दोन डब्या घराच्या गच्चीवर लावायच्या असतील, कुंडीला पाणी वगैरे, तर नका पडू यात, आर्डुइनो वापरा, बिघडली तर जिना चढून जा. डब्या दहाच्या वर, लांब, आणि तिथे राहणारा माणूस यूएसबी केबल हातात धरणारा नाही, अशी केस असेल तर तीन आठवडे शिव्या खायची तयारी ठेवून रस्ट घ्या. माझ्या फेऱ्या आधी महिन्याला तीन-चार व्हायच्या, आता दोन महिन्यांत एखादी, त्यात कोडमुळे झालेल्या दीड वर्षात मोजून दोन, त्या दोन्ही वर सांगितल्या.

एक कबुली राहिली. विहिरीजवळच्या मीटरवर अजूनही जुनी प्रो मिनीच आहे, सी वाली. फक्त आकडा वाचताना इंटरप्ट बंद करायच्या दोन ओळी घातल्या, ज्या मला नेससीनं पंधरा वर्षांपूर्वी घालायला सांगितल्या होत्या. बदलू बदलू म्हणता राहून गेलं. मामांनी तिच्यावर मार्करनं ‘जुनी’ असं लिहून ठेवलंय, आणि मागच्या आठवड्यात मला म्हणाले, “ते तांबेऱ्यावाल्या दहा राहू दे, ह्या जुनीले हात लावू नोको.”